डांगराच्या बियांचा हलवा

बरणीत हात घातला तर बोटांना नुसती राख लागली.

पौषातली पहाट होती. परसातल्या पायरीवर दव पडलं होतं आणि मी उकिडवा बसून बरणी आपटत होतो. वर्षभरापूर्वी मीच राखेत घोळवून ठेवलेल्या डांगराच्या, लाल भोपळ्याच्या, बिया होत्या त्यात, चांगल्या दोन ओंजळी. आता औषधालासुद्धा एक नाही. उंदरांवर आळ घ्यावा तर झाकण घट्ट बसलेलं.

स्वयंपाकघरात इंदू, माझी बायको, शेगडीपुढे पाटावर बसली होती. डाव्या हातात पाकाची वाटी, उजव्या हाताची बोटं परातीत गोल गोल फिरताहेत. संक्रांत जवळ आली की आमच्या घरी हे ठरलेलंच. वाईत हलव्याचे दागिने करणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या, पण हलव्याला काटा आणावा तो खटावकरांच्या इंदूनं, असं आळीतल्या बायका एकमेकींना सांगत आणि इंदू ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. मी वाकून परातीत पाहिलं. तीळ नव्हते. साखरेचा पहिला हात चढलेल्या चपट्या, मोठ्या बिया होत्या.

“ह्या कुठल्या?” मी विचारलं.

“बरणीतल्या,” ती म्हणाली. तिची बोटं थांबली नाहीत.

मी तिथंच चौकटीला धरून उभा राहिलो.

आता त्या बियांचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल, म्हणून सांगतो. मी शिंपी. ओट्यावर माझं मशीन, आणि सगळा जन्म दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेण्यात गेला. मातीत हात घालायचा नाद आमच्या हेमंतला. एकुलता एक मुलगा. नोकरीवरून आला की कपडे न बदलता परसात जायचा आणि आईची बोलणी खायचा. त्या साली पावसाच्या सुरुवातीला त्यानं न्हाणीघराच्या भिंतीशी डांगराचं बी टोचलं. वेल पत्र्यावर चढवला. रोज संध्याकाळी लेकराला काखेत घेऊन वेलाला पाणी घालायचा. दिवाळी संपली त्या आठवड्यात पसरणीच्या घाटात त्याची स्कूटर घसरली. त्याला घरी आणला तेव्हा वेलाला फुलं होती आणि पत्र्यावर एक डांगर पिकत आलेलं. माणसाचं काय झालं ते वेलाला कसं कळणार. तेराव्यानंतरही तो वाढतच राहिला. ते डांगर मी उतरवलं, कापलं, बिया धुऊन वाळवल्या आणि राखेत ठेवल्या. पुढच्या साली पेरायला हात धजला नाही. ह्या साली ठरवलं होतं की थंडी ओसरली की नातवाला मांडीवर घ्यायचं आणि त्याच्या हातानं एकेक बी आळ्यात सोडायची.

नातू म्हणजे तन्मय. बाप गेला तेव्हा रांगत होता. आता दुडदुडत होता, अर्धेमुर्धे शब्द बोलत होता, आणि माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळत होता. त्याचा पाय पायट्याखाली येऊ नये म्हणून मी मशीन हळू चालवायचो. गिऱ्हाइकं कुरकुरत. कुरकुरू देत, म्हणायचो.

पण तन्मय आमच्याकडे राहणार का, हाच खरा प्रश्न होता. कारण शैलासाठी स्थळ आलं होतं.

शैला माझी सून. वय ते काय, पंचविशीच्या आतबाहेर. तिचे वडील हणमंतराव पोरे कराडहून आले आणि ओट्यावर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर आले. इचलकरंजीचे अशोक पतंगे, सूतगिरणीत कामाला, बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही, माणूस सरळ. फक्त त्यांना लहानाचं मोठं केलेली थोरली बहीण आहे, अक्का. तिची एक अट आहे. हे सांगताना हणमंतरावांनी आवाज खाली आणला, जणू माझ्या पायाखालची जमीनच काढून घेत होते. मुलगा आजीआजोबांकडे राहावा, एवढीच अट.

खरं सांगतो, मला त्या क्षणी हणमंतरावांचे पाय धरावेसे वाटले. मुलगा गेल्यापासून माझ्या पोटात एकच भीती होती. सून तरुण आहे, आज ना उद्या जाईल, गेलंही पाहिजे, आणि जाताना लेकरू घेऊन जाईल. मग ह्या घरात उरतं काय? दोन म्हातारी माणसं आणि एक फोटो. ती भीती हणमंतरावांनी चहा संपायच्या आत काढून टाकली. त्यांची सोय, पतंग्यांची सोय, माझी तर सोयच सोय. मी हो म्हणालो. बोरन्हाणाच्या दिवशी सगळ्यांनी यावं, लेकराचं कौतुक करावं आणि सुपारी फोडावी, असं ठरलं.

शैलाला कुणी विचारलं नाही असं नाही. हणमंतरावांनी विचारलं, मीही विचारलं. “तुम्ही मोठी माणसं ठरवाल ते,” एवढं म्हणून ती भाकऱ्या थापायला बसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं पोराला आपल्या हातानं भरवणं बंद केलं. ताटली त्याच्यापुढे ठेवायची आणि आजीला हाक मारायची. झोपताना त्याला इंदूच्या कुशीत ठेवायची, तो “आई, आई” करायला लागला की उठून न्हाणीघरात जायची आणि नळ सोडायची. पाणी बादलीभर वाहून जायचं तरी नळ चालूच. मी मनात म्हणायचो, सवय करतेय, शहाणी मुलगी आहे. इंदू काही म्हणायची नाही.

आणि त्या घडीला इंदूनं बरणी रिकामी केली.

बाजारात तीळ संपले होते का, असं मी तिला विचारलं. हाराला मोठे मणी लागतात, ती म्हणाली. मग शेंगदाणे घ्यायचे, मगजबी घ्यायची, गावातला वाणी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला असता. पाकात घातलेली बी कधी उगवत नाही, एवढं तरी तुला कळतं का, असं मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण शैला दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

“त्याचं तेवढंच राहिलं होतं घरात,” मी म्हणालो. “तेही मारलंस तू.”

इंदूनं वाटीतला पाक थेंब थेंब परातीत सोडला आणि बोटं फिरवत राहिली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. आमच्या संसारात मी पुष्कळदा रागावलो, पण अबोला धरायचा तो तिनं; मी पहिल्यांदाच धरला आणि मला तो नीट धरताही येईना. दर जेवणाला मीठ मागायची पंचाईत व्हायची.

त्या साली आभाळ भरून यायचं. हलव्याला काटा यायचा तर हवा कोरडी, बोचरी पाहिजे. दमट हवेत साखर नुसती चिकटते, मणी गुळगुळीत होतात. इंदू पहाटे बसायची ती सूर्य वर येईपर्यंत, पुन्हा संध्याकाळी. काटा येईना. तिनं पुन्हा पाक केला, मलमलीतून गाळला, पुन्हा हात चढवला. बोटांची टोकं लाल झाली, मग सोलवटली. शैला म्हणाली, “आई, राहू द्या. बाजारातून आणू.” तर इंदूनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती पोर आत निघून गेली. एकदा न राहवून मी तन्मयलाच सांगितलं, “तुझ्या आजीला म्हणावं, विस्तव जरा वाढव, नाहीतर शिमग्यापर्यंत काटा येत नाही.”

“बोटाला सोसेल एवढाच ठेवायचा असतो,” तीही तन्मयलाच म्हणाली.

मला वाटलं, हिला खूळ लागलंय. हिनं मनात काहीतरी बांधलंय, काटा आला तर पोर राहील, नाही आला तर जाईल, असलं काहीतरी. बायकांचं असतं तसं. आणि खरं सांगायचं तर मीही मग चोरून परातीकडे बघायला लागलो. पोर राहणार हे ठरलेलं होतं, तरी बघायचो. एका पहाटे उत्तरेचा वारा सुटला, आभाळ धुतल्यासारखं झालं, आणि तिच्या परातीत मण्यामण्याला बारीक पांढरे काटे उभे राहिले. इंदूनं परात खाली उतरवली आणि पदरानं डोळे पुसले. धूर शेगडीला नव्हता.

मी ओट्यावर लेकराचं काळं झबलं शिवत होतो. शिवणीत भरपूर माया ठेवली, म्हणजे पुढच्या संक्रांतीला उसवून वाढवता येईल. इंदूनं तन्मयच्या हाती निरोप धाडला की काळ्या दोऱ्याचं रीळ आणि थोडी सोनेरी जर हवी. मी दिली. ती आतल्या खोलीत दार लोटून मणी ओवायची आणि कुणी आलं की वर टॉवेल टाकायची.

बोरन्हाणाच्या दिवशी पाहुणे सकाळच्या गाडीनं आले. हणमंतराव, अशोकराव आणि त्यांची अक्का. अशोकराव उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. हातात बोरांची पिशवी होती आणि ती कुणाकडे द्यावी हे त्यांना कळत नव्हतं. अक्का बोलायला मोकळ्या. घर छान आहे, परस छान आहे, असं म्हणत त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. वाईट बाई नव्हत्या. भावाचा संसार एकदा मोडलेला पाहिला होता, आता दुसऱ्याचं मूल त्यात नको, एवढंच त्यांना वाटत होतं, आणि ते त्या स्पष्ट सांगत होत्या.

तन्मयला झबलं घालून पाटावर बसवलं. इंदूनं त्याच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट ठेवला, दंडाला बाजूबंद, हातात बासरी आणि गळ्यात मोठ्या काटेरी मण्यांचा हार. आळीतली पोरं बोरं वेचायला टपून बसलेली. अक्का त्याच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “गोड आहे हो. आजीआजोबांना चांगला विरंगुळा आहे.” हणमंतरावांनी मान डोलावली. मीही डोलावली.

शैला मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वर्षभर अशा कार्यात ती तिथंच उभी राहायची. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच जागा ठरवून घेतली होती.

“शैला, पुढं ये,” इंदू म्हणाली.

ती आली नाही. इंदू गेली आणि मनगट धरून तिला घेऊन आली. तन्मयच्या शेजारी दुसरा पाट मांडला, तिला बसवलं आणि टॉवेलाखालून ताट काढलं. बांगड्या, बाजूबंद, बिंदी, गळ्यातला हार. सगळं हलव्याचं, सगळं नव्या नवरीचं. आणि सगळ्यांत शेवटी काळ्या दोऱ्यात ओवलेलं मंगळसूत्र, त्याच्या दोन्ही वाट्या हलव्याच्या.

बोरांसाठी टपलेली पोरंसुद्धा माना वर करून बघायला लागली. विधवा सुनेच्या गळ्यात सासू मंगळसूत्र बांधते आहे, हे आमच्या आळीनं कधी पाहिलं नव्हतं. बांधता बांधता इंदू तिच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही. मग ती अक्कांकडे वळली.

“नव्या सुनेची पहिली संक्रांत सासू करते,” ती म्हणाली. “तुमच्याकडे ती येईल तेव्हा सण होऊन गेलेला असेल. म्हणून मी आजच करून देतेय.”

“फार केलंत हो,” अक्का गडबडून म्हणाल्या.

इंदूनं तन्मयला उचललं आणि शैलाच्या मांडीवर ठेवलं. “पण हा संच जोडीचा आहे. दोघांचे हार एकाच डांगराच्या बियांचे केलेत. मी सुटा देत नाही.”

अक्कांचा चेहरा उतरला. मुलाचं तर ठरलं होतं ना, असं त्यांनी हणमंतरावांना विचारलं. हणमंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला.

“ठरलं होतं,” मी म्हणालो. “पोर इथंच राहणार. माझ्या मुलाचं पोर आहे ते.”

मी पुढे झालो आणि तन्मयला तिच्या मांडीवरून उचललं. शैलानं हात घट्ट केले असते तर मला जोर लावावा लागला असता. तिनं हात सैल सोडले. लेकराला त्रास नको म्हणून, दुसरं काय. मी त्याला छातीशी धरून तडक परसात गेलो.

न्हाणीघराच्या भिंतीशी, जिथं हेमंतचा वेल होता, तिथं जाऊन मी थांबलो. पुढे जायला जागाच नव्हती. मागे कुंपण, पलीकडे नदी. त्या घडीला कुंपण नसतं तर मी तसाच चालत राहिलो असतो, कुठं ते मला ठाऊक नाही. तन्मय घाबरून रडायला लागला. मी त्याला आणखी घट्ट आवळलं. काटेरी मणी माझ्या छातीत रुतले, दोरा तटकन तुटला आणि सगळा हार मातीत विखुरला.

इंदू मागून आली. तिनं पोराला मागितलं नाही. धुण्याच्या दगडावर बसली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी थेट बोलली.

“तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त हवाय का?”

मी पाठ फिरवून कुंपणाकडे तोंड केलं.

“रोज माझ्या कुशीत निजतो. त्याच्या जावळाला वास येतो हेमंतच्या लहानपणीचा. मला तो देववेल असं वाटतं तुम्हाला?”

“मग कशाला देतेस?” मी म्हणालो. “कशाला देतेस, इंदू? आपल्याकडं काय राहतं?”

“काही नाही राहत.” तिनं बोटं पदरात गुंडाळली. “पण आपलं पोर मरून गेलं, म्हणून आपण सोसतोय. तिचं जिवंत आहे. जिवंत पोर गेल्याचं तिनं कसं सोसायचं? रोज रात्री ती नळ सोडून का बसते, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?”

ऐकू येत होतं. पाण्याच्या आवाजाखालचं तिचं सगळं रडणं ऐकू येत होतं. घर केवढंसं आमचं.

तन्मय हुंदके देत दाराकडे हात करत होता, त्याच्या आईकडे. दोन वर्षांचं पोर, त्याला माझ्या खांद्याशी काही वैर नव्हतं; त्याला फक्त आई हवी होती. मग चालायला लागलो. पाय जड होतात असं म्हणतात ते खोटं आहे, पाय आपोआप चालतात, वरचा माणूसच मागे राहतो. आत जाऊन मी त्याला शैलाच्या मांडीवर ठेवलं. ह्या खेपेस तिनं त्याला असा कवटाळला की तिच्या हातातल्या हलव्याच्या बांगड्या मोडल्या.

अक्का काहीतरी बोलायला लागल्या होत्या. अशोकराव तोवर बोरांची पिशवी धरून भिंतीशी उभेच होते. ते खाली बसले, पिशवीतली बोरं तन्मयच्या डोक्यावर हळूच सोडली आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, “एवढ्या मुलाला एसटीत तिकीट लागत नाही, अक्का. नेऊ आपण.”

पोरांनी बोरांवर झडप घातली. मी ओट्यावर गेलो आणि मशीनवर डोकं ठेवून रडलो.

लग्न माघात साधेपणानं झालं. तन्मय गाडीच्या खिडकीतून हात हलवत गेला. त्याला वाटलं, जत्रेला चाललोय. झबलं मी पिशवीत घातलं होतं. पोराला तिकडं रुळू द्या, इतक्यात भेटायला येऊ नका, असं हणमंतरावांनी परोपरीनं सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. बरोबर असलेल्या गोष्टीनं माणूस मरत नाही एवढंच. मशीनखाली चिंध्या साचायला लागल्या. मशीन मात्र मी हळूच चालवायचो, सवय जाईना. आमचा अबोला संपला होता, पण बोलायला काही नव्हतं. इंदूनं परात घासून माळ्यावर टाकली.

होळी झाल्यावर एका सकाळी मी दात घासत परसात गेलो. न्हाणीघराच्या भिंतीशी, धुण्याचं पाणी वाहून जातं त्या ओलीत, जाड, हिरव्या जोडपानांची रोपं वर आली होती. एक नव्हे, चांगली सात-आठ. मुंग्यांनी साखर नेली होती आणि बिया ठेवल्या होत्या. मी तिथंच मातीत बसलो. पाकात घातलेली बी उगवत नाही, असं मीच बजावून सांगितलं होतं. इंदू कपडे घेऊन आली, रोपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बादलीतलं पाणी बाजूनं हळूच ओतलं, रोपांना धक्का लागणार नाही असं. तेव्हासुद्धा ती काही बोलली नाही.

त्या वेलाची डांगरं आळीत सगळ्यांनी खाल्ली. सर्वांत मोठं मी ठेवून दिलं, आणि दिवाळी झाल्यावर, आता भेटायला हरकत नाही असा निरोप आला, तेव्हा ते मांडीवर घेऊन इचलकरंजीच्या गाडीत बसलो. इंदूला ताप होता म्हणून ती आली नाही. कंडक्टरनं विचारलं, नवस फेडायला चाललात का आजोबा. मी म्हणालो, नातवाला भेटायला.

अशोकरावांच्या घराच्या पायरीवर तन्मय खेळत बसला होता. अंगानं भरला होता, उंच झाला होता. मी फाटक उघडलं आणि हाक मारली. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग उठून आत पळाला.

“बाबा, कोणतरी आलंय.”

मी फाटकातच उभा राहिलो. अशोकराव बाहेर आले, त्यांनी माझ्या पायांना हात लावला, “अरे, आजोबा आलेत,” असं पोराला परत परत सांगितलं. तो त्यांच्या पायामागून एका डोळ्यानं मला बघत राहिला. मागून शैला आली. तिच्या गळ्यात सोन्याचं मंगळसूत्र होतं, चेहऱ्यावर मांस चढलं होतं. माझ्या हातातलं डांगर पाहून ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“नाना, मागं चला,” ती म्हणाली.

मागे दीड हात जागा, संडासाची भिंत आणि तिच्यावर वेल. तीच जाड पानं, तीच पिवळी फुलं. भिंतीच्या टोकाला, पोत्याची झोळी बांधून तोलून धरलेलं एक डांगर, माझ्या हातातल्याहून जरा लहान.

“माझ्या हाराच्या बिया,” शैला म्हणाली. “आईंनी कानात सांगितलं होतं त्या दिवशी. पावसाळ्यात साखर पाझरेल, तेव्हा बिया टाकू नकोस, पेर. म्हणाल्या, विस्तव मी बोटाला सोसेल एवढाच ठेवलाय, त्या मेलेल्या नाहीत.”

“मला नाही सांगितलं तिनं.”

“तुम्ही बोलत नव्हता ना त्यांच्याशी,” शैला म्हणाली.

तन्मय आमच्यामागून आला होता. मी वेलाजवळ जाऊन झोळीतल्या डांगराला हात लावला, तसा तो पुढे झाला आणि त्यानं माझं बोट धरून बाजूला केलं.

“हात नाही लावायचा,” तो मला बजावून म्हणाला. “हे हेमंतबाबांचं आहे.”

मग त्याचं लक्ष माझ्या काखेतल्या डांगराकडे गेलं. बोट अजून त्याच्या मुठीतच होतं.

“आणि हे कुणाचं?”

“त्याचंच,” मी म्हणालो, आणि ते वेलाखाली जमिनीवर ठेवलं.